लिव्हिंग बायबल हे मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर आहे का?

नाही, केनेथ टेलरचं लिव्हिंग बायबल हे भाषांतर नाही, इंग्रजीचंच सोप्या इंग्रजीत केलेलं रूपांतर आहे, आणि हे त्याने लपवलेलं पण नाही, पुस्तकाच्या नावातच 'पॅराफ्रेज्ड' असं छापलंय. त्याने समोर ठेवलं होतं १९०१ चं अमेरिकन स्टँडर्ड व्हर्जन, जे शब्दाला शब्द असल्यामुळे वाचायला फार जड जातं. टेलर शिकागोत मूडी प्रेस या ख्रिस्ती प्रकाशन संस्थेत नोकरीला होता, घरी दहा मुलं, संध्याकाळी बायबल वाचलं की पोरांना त्यातली प्रेषित पौलाची पत्रं डोक्यावरून जायची, मग हा व्हीटन या गावातल्या घरून शिकागोला जाताना लोकल ट्रेनमध्ये बसून एकेक वचन बोलीभाषेत लिहायचा. कोणी छापेना म्हणून १९६२ मध्ये स्वतःच टिंडेल हाऊस ही प्रकाशन संस्था काढली आणि फक्त पत्रांचं रूपांतर असलेल्या 'लिव्हिंग लेटर्स'च्या २००० प्रती काढल्या, पुढच्या वर्षी बिली ग्रॅहम या प्रसिद्ध अमेरिकन धर्मप्रचारकाने ते वाटायला घेतलं आणि गाडी सुटलीच. पूर्ण बायबल १९७१ ला आलं, खप ४ कोटींच्या वर.

फक्त एक लक्षात ठेवा, १९९६ चं न्यू लिव्हिंग ट्रान्सलेशन वेगळं, ते सुरू झालं याचीच सुधारणा म्हणून, पण शेवटी सुमारे ९० अभ्यासकांनी मूळ भाषांवरून केलेलं खरं भाषांतर झालं. दुकानात दोन्हीची नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. अर्थाचा कीस काढायचा असेल तर न्यू लिव्हिंग ट्रान्सलेशन घ्या, सलग वाचायला लिव्हिंग बायबल मस्त आहे.