बंदूक न चालवता परमवीर चक्र?

प्रश्न : नमस्कार, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. परवा भाचा महूहून आला होता, घरात परमवीर चक्राचा विषय निघाला तर म्हणतो, मावशी, रामा राघोबा राणेंनी फक्त रस्ता मोकळा केला, लढले तर डोगरा रेजिमेंटचे जवान, मग राणेंना एवढा मोठा मान कसा? मला उत्तरच देता आलं नाही. आणि परमवीर मोठं की अशोक चक्र?
- एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, भाच्याला आधी तो रस्ता कसा होता ते सांगा. एप्रिल 1948, काश्मीरसाठी पाकिस्तानशी पहिलं युद्ध चालू होतं, रस्ता जम्मू भागातला, नौशेरा ते राजौरी, आणि राणे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीचे अधिकारी. राजौरीत लोकांचे भयंकर हाल चालले होते, सैन्याला लवकर पोचायचं होतं, त्यासाठी रणगाडे पुढे जायला हवे होते आणि त्यांच्या वाटेत पेरलेले सुरुंग, आडवी पाडलेली मोठमोठी झाडं, वर डोंगरातून गोळीबार चालूच. 8 तारखेला काम सुरू करतानाच मॉर्टरचा मारा झाला, राणेंच्या तुकडीतले दोघं गेले, पाच जखमी झाले, त्यात राणे स्वतः पण होते. तरी ते मागे गेले नाहीत. पुढे तर रणगाड्याखाली शिरून रांगत रांगत सुरुंग शोधले, हातात दोरी, तिच्या इशाऱ्यावर ड्रायव्हर गाडी पुढे घ्यायचा नाहीतर थांबवायचा. डोक्यावर रणगाडा, हाताशी सुरुंग, आणि हे काही एका दिवसाचं नाही, 11 तारखेपर्यंत राणे असेच रस्ता मोकळा करत होते! 12 ला सैन्य राजौरीत पोचलं.

परमवीर चक्राच्या नियमात किती शत्रू मारले असं कुठेच विचारलेलं नाही. शत्रूसमोर, जमिनीवर, समुद्रात किंवा हवेत, असामान्य शौर्य किंवा आत्मत्याग, एवढंच. राणे त्यात पूर्ण बसतात, आणि माझ्या मते त्यांचं धैर्य जास्तच कठीण, कारण उलटून गोळी झाडायला हात मोकळाच नव्हता.

हे मरणोत्तरच मिळतं असंही खूप जणांना वाटतं, तसं नाही. आतापर्यंतच्या 21 पैकी 14 मरणोत्तर, आणि जिवंतपणी मिळालेले पहिले आपले राणेच. अजून एक, या पदकाचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं, जन्माने स्वित्झर्लंडच्या, लग्न मराठी लष्करी अधिकाऱ्याशी, हे भाच्याला नक्की सांगा.

राहिलं अशोक चक्र. ते शत्रूसमोरच्या लढाईत नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी असतं, शांतताकाळातलं सगळ्यात मोठं, आणि सैन्याबाहेरच्या माणसालाही मिळू शकतं. मानाच्या क्रमात ते परमवीरच्या लगेच खाली येतं.