कुणी नसतानाच वाजतंय, सेन्सर बिघडलाय का?

प्रश्न : दादा, मी नववीत आहे. दिवाळीत आम्ही सगळी भावंडं मामाकडे जमतो, तिथे फराळाच्या डब्यांच्या फळीवर एक गंमत लावायचीय. कुणी हात घातला की आजीच्या आवाजात 'कोण रे तिकडे?' असं वाजलं पाहिजे. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), पीआयआर सेन्सर (हालचाल ओळखणारा, एचसी-एसआर ५०१) आणि डीएफप्लेअर मिनी (आवाजाची फाइल वाजवणारा) आणलंय. पण चालू केलं की कुणी नसताना पण वाजतं, आणि कुणी आलं की नुसतं 'को को को को' करतं, पुढे जातच नाही. सेन्सर खराब निघाला का?

उत्तर : अरे, सेन्सर बहुतेक ठणठणीत आहे, लगेच नवीन आणू नकोस. आधी 'को को' चं बघू. लूप, म्हणजे प्रोग्रामचा सारखा चालणारा भाग, एका सेकंदात हजारो वेळा फिरतं आणि हालचाल दिसली की सेन्सरची पिन काही सेकंद हाय (म्हणजे 'कुणीतरी आहे' असा सिग्नल) राहते, म्हणजे तेवढा वेळ तू प्लेअरला सारखं 'वाजव, वाजव' सांगत बसलायस आणि तो बिचारा दरवेळी फाइल पहिल्यापासून सुरू करतोय. त्यामुळे पिन लो वरून हाय झाली त्या क्षणीच एकदा हुकूम द्यायचा, मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं फंक्शन) वापरून वेळ लिहून ठेवायची आणि पुढची दोन मिनिटं काही झालं तरी गप्प. ही दोन मिनिटं फार महत्त्वाची आहेत, सारखं वाजलं की सगळ्यांना लगेच कळतं आणि मग मजाच जाते.

आपोआप वाजण्याचं कारण वेगळं. हा सेन्सर चालू केल्यावर साधारण मिनिटभर स्थिरावत असतो, तेवढ्यात तो उगाचच हाय देतो. सेटअपमध्ये (प्रोग्रामचा सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) ६० सेकंद थांबव. तरीही वाजत असेल तर सप्लाय बघ, स्पीकर जोरात वाजला की ५ व्होल्टची लाइन खाली बसते आणि सेन्सर परत फसतो, प्लेअरच्या पॉवर आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक, प्लस-मायनस बघून. प्लेअरच्या आरएक्स पिनला (बोर्डकडून हुकूम घेणारी पिन) १ किलोओहमचा रेझिस्टर पण हवाच, नाहीतर स्पीकरमधून घरघर येते. पॉवर बँक नको, इतका कमी करंट असला की बऱ्याच पॉवर बँक स्वतःहून बंद होतात, त्यापेक्षा जुना मोबाइल चार्जर लाव.

आता जागा. पीआयआरला उष्णतेतला बदल दिसतो, आणि तो ३ ते ७ मीटरपर्यंत बघतो, म्हणजे फळीवर ठेवलास तर स्वयंपाकघरात शिरणारा प्रत्येक जण पकडला जाणार. पांढऱ्या घुमटाभोवती काळ्या कार्डशीटची बोटभर लांब नळी चिकटव, मग फक्त समोरचंच दिसेल. हात आडवा जाईल असा ठेव, सरळ सेन्सरच्या दिशेने येणारी हालचाल त्याला नीट कळत नाही. गॅसकडे तोंड नको.

आणि हे मनापासून सांगतो, चकल्या-अनारसे तळून होईपर्यंत हे लावूच नकोस. गरम तेलाची कढई असताना कुणी दचकलं तर काय होईल विचार कर. आवाजाची लेव्हल ३० पर्यंत जाते, १५ च्या आसपास ठेव, किंकाळी वगैरे तर अजिबात नको.

आजीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केलास की सुरुवातीची शांतता कापून टाक, नाहीतर हात डब्यातून बाहेर आल्यावर वाजेल.