वाक्यं येतात, पण बोलणं सलग होत नाही

प्रश्न: मी गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. एका वाक्यात उत्तर मुलं बरोबर देतात, पण 'माय व्हिलेज'वर पाच वाक्यं बोल म्हटलं की माय व्हिलेज इज ब्युटिफुल, देअर इज अ टेम्पल, आय लाइक मँगो, असं सुटंसुटं येतं नाहीतर पाठ केलेलं घडाघडा. सलग बोलायला कसं शिकवू?

उत्तर: ताई, आधी 'माय व्हिलेज' बाजूला ठेवा, त्यात एकामुळे दुसरं असं काही घडतच नाही मग पोरं जोडणार तरी काय. तुमच्या पोरांना सांगण्यासारखं दारातच आहे की! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, शाळा उघडते तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात, घरात जाळी दुरुस्तीला काढलेली. बोट का जात नाही, मग बाबा काय करतात, नारळी पौर्णिमेनंतर काय होतं, एवढं विचारलंत तरी बिकॉज, सो, आफ्टर दॅट यांची गरज पडतेच.

इथे एक घोळ हमखास होतो. आपण मराठीत कारण आधी सांगतो आणि 'म्हणून' लावतो, मुलं त्या 'म्हणून'च्या जागी बिकॉज ठेवतात. द सी इज रफ बिकॉज द बोट्स आर ऑन द शोअर, म्हणजे बोटी ओढल्या म्हणून समुद्र खवळला असा अर्थ झाला! हे वाक्य फळ्यावर लिहा, चूक मुलांनाच शोधू दे, मग सो घालून परत म्हणायला लावा. माझ्या मते सलग बोलण्याचं अर्धं काम इथेच होतं.

अ आणि द सुद्धा व्याकरणाचा नियम म्हणून नको, गोष्टीतून द्या. एक होता म्हातारा, त्या म्हाताऱ्याला... यातलं 'एक' म्हणजे अ आणि 'त्या' म्हणजे द, हे मुलांना लगेच कळतं. आणि मराठीत 'सकाळी गेले, जाळं टाकलं, परत आले' असं कर्ता न सांगता चालतं, इंग्रजीत प्रत्येक नव्या वाक्याला 'ही' (he) किंवा 'दे' (they) असा कर्ता लागतो, तो गळला की ऐकणाऱ्याला कोण काय करतंय ते समजत नाही.

सरावाला कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली ४-३-२ पद्धत खूप कामाची आहे. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या जोडीदारांना सांगायची, आधी ४ मिनिटं, मग ३, मग २. सातवीला एवढा वेळ जड जाईल, तुम्ही ९० सेकंद, ६० आणि ४० घ्या. आधी एक मिनिट गप्प बसून क्रम मनात लावू दे, मराठीत लावला तरी चालेल, कागदावर चारच शब्द, पूर्ण वाक्य नाही, नाहीतर परत पाठांतर सुरू. तिसऱ्या वेळेपर्यंत क्रम पक्का होतो आणि अडखळणं बरंच कमी होतं.

आणि मूल बोलत असताना मध्ये थांबवू नका हो, गोज ऐवजी गो म्हणालं तरी राहू दे. संपल्यावर शेजारच्याला विचारा, 'आधी काय झालं, मग काय?' त्याला सांगता आलं नाही तर धागा कुठे तुटला ते बोलणाऱ्यालाच दिसतं.