वाचकांचे प्रश्न : छोट्या प्रकाशनांच्या अद्भुतकथा आणि चित्रकथा

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवते. माझ्या वर्गात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील बरीच मुले आहेत. जयंत नारळीकर आणि नारायण धारप त्यांनी वाचले आहेत. ज्यात अद्भुतही आहे आणि आपला डोंगर-नदीचा मुलूखही आहे, असे एखादे पुस्तक सुचवाल का? मोठ्या प्रकाशनांच्या याद्यांत मला तसे काही सापडले नाही.
— एक प्राध्यापिका, शहादा

उत्तर : तुमच्या विद्यार्थ्यांसाठी मी सर्वांत आधी ओरिजित सेन यांच्या ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ या चित्रकादंबरीचे नाव घेईन. पर्यावरणाच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या ‘कल्पवृक्ष’ या संस्थेने ती १९९४ साली प्रकाशित केली आणि भारतातील पहिली चित्रकादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढे अनेक वर्षे तिच्या प्रती मिळेनाशा झाल्या होत्या. २०२२ मध्ये चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या छोट्या, स्वतंत्र प्रकाशनाने ती पुन्हा छापली. नर्मदेवरील धरण आणि त्यापायी उठवली जाणारी माणसे हा तिचा विषय आहे. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील जी ३३ गावे आली, ती याच दोन तालुक्यांतील असल्यामुळे तुमच्या वर्गातील काही मुलांनी ही हकीकत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलीही असेल.

आता त्यातील अद्भुताविषयी. या पुस्तकात दोन कथा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. विष्णू नावाचा तरुण पत्रकार धरणाची बातमी शोधत खोऱ्यात जातो, ही एक. आणि मलगू गायन नावाचा आदिवासी गायक सृष्टी कशी जन्मली, नदी कशी वाहू लागली हे गाऊन सांगतो, ही दुसरी. लेखकाने सृष्टिकथेला पत्रकाराच्या कथेची शोभा म्हणून वापरलेले नाही. कार्यालयातील नकाशा जितका खरा, तितकेच गायकाचे गाणेही खरे, या विश्वासाने त्याने दोन्ही रेखाटल्या आहेत, आणि या पुस्तकाचे मोल मला सर्वांत अधिक तिथेच वाटते. आपल्या बहुतेक विज्ञानकथांत भविष्य शहरातल्या प्रयोगशाळेत घडते आणि डोंगरातला माणूस फार तर वाटाड्या म्हणून येतो. इथे जगाचा इतिहास सांगण्याचा अधिकारच त्याच्याकडे आहे. पुस्तक विस्थापितांची बाजू उघडपणे घेते. ते मला उणे वाटत नाही, पण वर्गात त्यावर वाद झाला तर तो होऊ द्यावा.

पुस्तक इंग्रजीत आहे, परंतु त्यामुळे अडू नये. एकेक पान मुलांपुढे ठेवून, त्यावरील चित्रांची गोष्ट त्यांना भिलोरी किंवा पावरी या त्यांच्या बोलींत सांगायला लावा. आपल्या घरी सांगितली जाणारी सृष्टिकथा या कथेपासून कुठे वेगळी पडते हे ती स्वतःहून सांगू लागतील, आणि त्यातून एखाद्याला स्वतःची चित्रकथा काढावीशी वाटली तर तिला अवश्य वाव द्या. वरच्या वर्गातील मुलांसाठी ‘ब्लाफ्ट’चाच २०२४ मधील ‘द ब्लाफ्ट बुक ऑफ अँटी-कास्ट एसएफ’ हा जातिव्यवस्थेला प्रश्न विचारणाऱ्या कथांचा संग्रह घ्यावा.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा कॉमिक्सशिवाय काही वाचत नाही, आणि त्यातही मारामारीच हवी असते. दुसरे काही आहे का?
— एक पालक, अमळनेर

उत्तर : तो कॉमिक्स वाचतो, म्हणजे वाचतो, त्याची चिंता करू नये. त्याच्या हाती जेफ स्मिथ यांचे ‘बोन’ द्या. या अमेरिकी चित्रकाराने १९९१ ते २००४ या काळात बहुतांशी स्वतःच्याच छोट्या प्रकाशनातून त्याचे ५५ अंक प्रसिद्ध केले. गावातून हाकललेले तीन चुलतभाऊ एका अनोळखी खोऱ्यात येऊन पडतात, आणि हसत-खेळत सुरू झालेली ही गोष्ट पुढे गंभीर होत जाते. पुस्तकरूपात रंगीत आवृत्तीही मिळते. पहिल्या भागापासूनच सुरुवात करावी. मुंबईच्या ‘होली काऊ एंटरटेनमेंट’ची ‘अघोरी’ ही मालिका मात्र मोठ्यांसाठी आहे, ती तूर्त तुम्हीच वाचा.

प्रश्न : आमचे वाचनालय लहान आहे आणि ग्रंथखरेदीची रक्कम त्याहून लहान. वाचक मराठी विज्ञानकथा मागतात. मोठ्या प्रकाशनांपलीकडे जाऊन काय घ्यावे, आणि कसे?
— एक ग्रंथपाल, यावल तालुका

उत्तर : मराठी विज्ञानकथा मुळात नियतकालिकांत आणि स्पर्धांत वाढली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, आणि ती पहिली आली. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या संग्रहांकडे वळलेल्या वाचकांनाही दिवाळी अंकांचे दालन उघडे असावे, कारण नव्या लेखकाची पहिली धाडसी कथा अजूनही बहुधा तिथेच येते. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांसारखे गूढ-अद्भुताला वाहिलेले अंक हंगाम संपला म्हणून रद्दीत घालू नका. त्यांची बांधणी करून घ्या आणि कथांची लेखकवार सूची वहीत ठेवा. वाचकाने मागितलेली कथा तेव्हाच हाती लागेल.

छोट्या प्रकाशनांच्या प्रती थोड्या निघतात आणि जिल्ह्याच्या दुकानांपर्यंत क्वचितच पोहोचतात, म्हणून मागणी थेट प्रकाशकाकडे नोंदवावी. टपालखर्च एकट्याला जड जातो. रावेर, चोपडा, फैजपूर येथील वाचनालयांनी एकत्र मागणी पाठवली तर तो वाटला जाईल आणि सवलतही मागता येईल. मोबाइलवर फिरणाऱ्या चोरट्या प्रती वाचकांना कृपया देऊ नका, कारण शंभर प्रतींचा फरकही अशा प्रकाशकाचे पुढचे पुस्तक थांबवू शकतो. फुकट आणि रीतसर वाचायचे असेल तर इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांना ‘स्ट्रेंज होरायझन्स’ आणि ‘क्लार्क्सवर्ल्ड’ ही नियतकालिके सुचवा. पहिले २००० पासून आणि दुसरे २००६ पासून निघते, आणि दोन्हींतील कथा इंटरनेटवर खुल्या आहेत.