इंटरनेटवर बातम्या फुकट मिळत असताना पैसे देऊन का वाचाव्यात?

तुम्ही विचारलंय की मोबाइलवर सगळं फुकट मिळत असताना बातम्यांसाठी वर्गणी भरण्यात काय शहाणपण आहे, आणि कुणी खरंच भरतं का. मी भरतो. दोन ठिकाणी रीतसर वर्गणी, एका ठिकाणी जमेल तशी देणगी, आणि एका पोराला महिन्याला शंभर रुपये. त्या पोराचं पुढं सांगतो. बाकी जे स्क्रीनवर येऊन पैसे मागतात त्यातल्या बहुतेकांना देत नाही.

माझं मत तयार झालं ते मोबाइलवर बातम्या यायच्या आधी. २००३ ते २०१० मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. वार्ताहर म्हटलं की लोकांना पगार, गाडी, ओळखपत्र असं काहीतरी वाटतं. यातलं ओळखपत्र तेवढं होतं. मानधनातून महिन्याचं पेट्रोल निघालं तरी नशीब. घर चालायचं झेरॉक्सच्या दुकानावर आणि जाहिरातींच्या कमिशनवर. पंधरा टक्के. म्हणजे सकाळी ज्या सभापतींच्या कारभाराची बातमी पाठवायची, संध्याकाळी त्यांच्याच दारात वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात मागायला उभं राहायचं. वर्धापनदिनाची पुरवणी जवळ आली की पेपरच्या जिल्हा कार्यालयातून जाहिराती किती आणायच्या त्याचा आकडा यायचा, आणि त्या महिन्यात बातम्या आपोआप गोड व्हायच्या. तसं करा म्हणून कुणी कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच यायची नाही.

एका वर्षी दिवाळीच्या आसपास ओढ्यात कारखान्याचं मळीमिश्रित पाणी आलं आणि मासे मेले. मी गेलो, फोटो काढले, तीन शेतकऱ्यांशी बोललो, विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि बातमी पाठवली. छापून आल्या चार ओळी: ओढ्यात मृत माशांचा खच, ग्रामस्थांत घबराट. कारखान्याचं नाव नाही. त्याच अंकात शेवटच्या पानावर त्याच कारखान्याच्या गळीत हंगाम शुभारंभाची अख्ख्या पानाची जाहिरात. ती जाहिरात मीच आणली होती. कमिशनही मीच घेतलं, आणि त्यातून दुकानात दुसरा प्रिंटर आला. संपादकांना शिव्या देऊन मोकळं होणं सोपं होतं, पण प्रिंटर माझ्याच टेबलावर होता.

तेव्हा वाचक पैसे देत नव्हता का? देत होता. पण अंकाच्या किमतीत नुसता कागदाचा खर्चसुद्धा धड निघत नाही. नव्वदच्या दशकात टाइम्स ऑफ इंडियाने दिल्लीत किंमत उतरवली, बाकीच्यांनाही मागं राहता येईना, आणि पेपर म्हणजे चहापेक्षा स्वस्त वस्तू ही सवय देशभर पक्की झाली. त्यात आपल्याकडे रद्दी. महिनाअखेरीला रद्दीवाला काटा लावून काही रुपये परत देतो, म्हणजे आपण दिलेल्यातलं थोडं घरी परत. (माझी आई ऑनलाइन वर्गणीच्या विरोधात आहे ती याच मुद्द्यावर. म्हणते, त्याची रद्दी कुठं येते?) उरलेला सगळा भार जाहिरातदारावर. आणि जो भार उचलतो, त्याचं नाव बातमीतून गळतं.

हे फक्त तालुक्यापुरतं होतं असं समजू नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या दैनिकांत उमेदवारांची स्तुती 'बातमी' म्हणून छापून आली. काही ठिकाणी तर तोच मजकूर शब्दन् शब्द वेगवेगळ्या पेपरांत, वेगवेगळ्या नावांनी. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'तून उघड केलं, प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली आणि 'पेड न्यूज' हा शब्द आपल्या तोंडी बसला. आमच्याकडे त्याला साधं 'पॅकेज' म्हणायचे. मी पुढच्याच वर्षी काम सोडलं. तत्त्वासाठी सोडलं म्हणायला छान वाटलं असतं, पण खरं कारण म्हणजे दुकान बरं चालायला लागलं होतं.

आता ऑनलाइन. मार्च २०२० च्या शेवटी लॉकडाउनमुळे मुंबईत काही दिवस पेपर छापलेच गेले नाहीत, आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायला मनाई केली. तेव्हापासून सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पेपरांच्या पीडीएफ फिरायला लागल्या. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी पेपर बंद केला तो परत लावलाच नाही. पेपर टाकणाऱ्याची लाइन गेली, एजंटचं कमिशन गेलं. वेबसाइटवरच्या जाहिरातीतून मिळतं ते छापील जाहिरातीच्या मानाने चिल्लर, आणि ऑनलाइन जाहिरातीतला मोठा वाटा गूगल आणि फेसबुकच नेतात. राहिलेलं मिळवायचं तर क्लिक मोजायचे. म्हणून मग 'या अभिनेत्रीने असं काही केलं की...' ओढ्याला कोण जाणार? ओढ्याला क्लिक नाहीत.

म्हणून मी पैसे देतो ते जिथं जाहिरातदाराला बाजूला ठेवलंय तिथं. 'न्यूजलॉन्ड्री' ही बातम्यांची वेबसाइट २०१२ पासून वाचकांच्या पैशांवर उभी राहायचा प्रयत्न करतेय, तिथं माझी वर्गणी आहे. इंग्रजी-हिंदी आहे, मराठीत या तोडीचं काही सापडलं तर आधी तिथं भरीन. मराठीत 'साधना' साप्ताहिक आहे, साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं. त्यातलं पुष्कळसं वेबसाइटवर फुकट वाचता येतं, तरी मी वर्गणी भरतो. देणगी देतो ती साईनाथांच्याच 'पारी'ला, म्हणजे ग्रामीण भारतावरच्या त्यांच्या वेबसाइटला. ते २०१४ पासून सगळं फुकट देतात, मराठीतही. तुमच्या चष्म्यातून हा वेडेपणाच, फुकटच्या गोष्टीला पैसे! पण तिथला लेख ज्या शेतमजूर बाईवर आहे, तिलाही तो वाचता यायला हवा ना.

इथं तुमच्या बाजूने एक मुद्दा मान्य करतो. काही माहितीला कुलूप असताच कामा नये. पूर, साथ, धरणातून सोडलेलं पाणी, असल्या बातम्या वर्गणीदार बघून द्यायच्या नसतात. सरकारी माहितीचे पैसे तर आपण करातून आधीच भरलेत. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, तसाच असायला हवा. सातबारा नुसता बघायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा हवा तर पंधरा रुपये. ते ठीक आहे.

आणि कुणाला देत नाही? वृत्तसंस्थेची जी बातमी दहा ठिकाणी शब्दशः आहे तीच कुलपात ठेवणाऱ्यांना. पैसे घेऊनही मजकुराच्या मधोमध जाहिरात नाचवणाऱ्यांना. आणि एका महाभागांना, ज्यांचं ऑटोपे चालू करायला एक टिचकी लागली आणि बंद करायला तीन फोन. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये पेवॉल लावली, म्हणजे पैसे भरल्याशिवाय वेबसाइट पुरती वाचता येईना, आणि आज त्यांचे एक कोटीहून जास्त वर्गणीदार आहेत, हे उदाहरण आपल्याकडे फार देतात. पण त्यांचा वाचक जगभर पसरलेला आहे. आमच्या तालुक्याची बातमी आमच्या तालुक्याशिवाय कोण विकत घेणार?

तर तो पोरगा. माझ्यानंतर तीन जण आले-गेले, आता तो यूट्यूब चॅनल चालवतो. हातात माइक, माइकवर चॅनलचं नाव. उद्घाटनं, सत्कार, वाढदिवस यांचे पाचशे-हजार घेतो, त्यावरच त्याचं भागतं. मी त्याला म्हटलं, महिन्याला शंभर मी देतो, फक्त नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला जाऊन बसायचं आणि काय ठराव झाले ते सांगायचं. तो हसला, पण गेला. गेल्या महिन्यात पाणीपुरवठ्याच्या ठेक्यावर सभेत काय झालं त्याचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ टाकला. आवाज घुमतोय, कॅमेरा हलतोय, पण ठराव, रक्कम, कोण विरोधात बोललं, सगळं आहे. एकशे सदतीस व्ह्यूज. त्यातले चार-पाच माझेच.