कोण बघतंय ते आधी ठरव

अगं,

काल टिळक रोडवर चहा पिताना तू तुझ्या गोष्टीची वही पुढे केलीस आणि विचारलंस, काका, आधी व्याकरण शिकू, अलंकार की दृष्टिकोन. इतकी रडवेली झाली होतीस की रात्रभर तेच डोक्यात होतं. तिन्ही एकच आहे गं. गोष्टीत कोण बघतंय?

तुझंच वाक्य घे, "सुनेने कप फोडला." सासू सांगते तेव्हा पण फोडला आणि सून सांगते तेव्हा पण फोडलाच? सून म्हणेल "माझ्या हातून फुटला". फोडला म्हटलं की कुणाचं तरी नाव लागतं, फुटला म्हटलं की नाही लागत. शाळेत सकर्मक-अकर्मक म्हणून मार्कांपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं ना, ते हेच. आणि शेजारीण सांगेल "फोडला म्हणे", म्हणजे तिने बघितलेलंच नाही, नुसतं कानावर आलंय. तू त्यासाठी अख्खा परिच्छेद खर्च केलायस!

अलंकाराचं पण तेच. "चेहरा जणू कोमेजलेलं कमळ", हे बघतंय कोण? तुझ्या गोष्टीतली सासू जन्मभर मंडईत भाजी विकतेय, तिला तो चेहरा दुपारी उरलेल्या मेथीच्या जुडीसारखा दिसेल. सारखा आला की उपमा, जणू आलं की उत्प्रेक्षा, हे यायलाच हवं, त्यात सूट नाही. अप्पा बळवंत चौकात मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' मिळतंय का बघ, जाडजूड आहे, घाबरू नको, प्रयोगांवरचं तेवढं वाच. पण वाचताना विचारत राहा, कोण बघतंय.

माझं सांगतो. माझ्या एका गोष्टीत आठ वर्षांचा मुलगा बापाला अरे-तुरे करतो, "बाबा आला", "बाबा हसला", सगळी गोष्ट अशीच, आणि बाप रात्री पिऊन येतो त्या शेवटच्या ओळीत तो पहिल्यांदा म्हणतो, "बाबा आले." त्या एका आले साठी मी ती गोष्ट लिहिली होती. संपादकांनी पहिल्यापासून सगळीकडे आले करून टाकलं, वडिलांना आदरार्थी हवं म्हणून, आणि मी गप्प बसलो, छापून येतंय ना मग कशाला बोला. अजून ते पान उघडवत नाही मला. तेव्हापासून काना की मात्रा यावरून मी कुणाशीही भांडतो, लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत, मुलगा मी बघितला होता, त्यांनी नाही.

तर कपाचा प्रसंग तीनदा लिहून आण, सुनेचा, सासूचा, शेजारणीचा, एकेक पान. "जमेल का काका" विचारत बसू नको, लिही.

आणि पान चारवर सासू समोर बसलेली असताना सून नवऱ्याला विचारते, "आपण कधी जायचं?" आणि लगेच सासूला सांगते, "आम्ही निघतो." त्या आपण मधून आम्ही वर येताना सासू बाहेर पडली, मला वाचताना चर्र झालं. हे तू केलंस की तुझ्या हातून झालं, तेवढं शनिवारी येशील तेव्हा सांग.

तुझा,
काका