मुलाचं बीपी: आधी पट्टा कोणता लावला ते विचारा

ताई, शाळेच्या तपासणी शिबिरात १२४/८२, चार दिवसांनी दवाखान्यात १०४/६० आणि वर "काही नाही, घाबरला असेल". तुमच्या आठ वर्षांच्या, टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या बीपीबद्दल हे वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या मुलीलाही सहाव्या वर्षी टाइप १ निघाला, आम्ही कणकवलीकडचे. शुगर, इन्सुलिन, कार्ब (जेवणातली पिष्टं-साखर) यांवर काही लिहीत नाही, दोन वर्षांत ते तुम्हाला पाठ झालं असेल. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

मी तरी हे दोन्ही आकडे खरे धरणार नाही. शिबिरात पोरं धावत येतात, रांगेत दंगा करतात, उभ्याउभ्या बीपी घेतलं जातं, तिथे आकडा चढणारच. आणि दवाखान्यात बहुतेक मोठ्या माणसांचाच पट्टा लावला असणार. दंडाच्या मानाने पट्टा मोठा असला की आकडा खोटा कमी येतो, लहान असला की खोटा जास्त. घरी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी रुंदीला त्या घेराच्या निदान ४० टक्के आणि लांबीला ८० ते १०० टक्के हवी. म्हणजे घेर १८ सेंमी असेल तर पिशवी साधारण ७ सेंमी रुंद आणि १५ ते १८ सेंमी लांब.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं. ज्या दवाखान्यात मुलीला नेत होतो (नाव लिहीत नाही) तिथे एकच पट्टा होता. तिच्या काडीसारख्या दंडावर तो काखेपासून कोपरापर्यंत यायचा. मी लहान पट्ट्याबद्दल विचारलं तर "सगळ्यांना हाच लावतो" हे उत्तर. आणि कागदावर आकडा कधीच नाही, नुसतं "बीपी नॉर्मल". पुढे कोल्हापूरला मुलांच्या डॉक्टरांनी योग्य पट्टा लावला, कानाला नळी लावून पुन्हा पुन्हा मोजलं आणि आकडा जास्तच आला. लघवीत अल्ब्युमिनही (मूत्रपिंडावर ताण आला की लघवीत उतरणारं प्रथिन) सापडलं. त्यांनी विचारलं, कधीपासून वाढलंय? आमच्या जाडजूड फाइलमध्ये त्याचं उत्तरच नव्हतं. जुने आकडे मागायला त्या दवाखान्यात गेलो तर खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "नॉर्मल म्हणजे नॉर्मल, आकडा कशाला पाहिजे?" माझा आजही संताप होतो. लेकराच्या मूत्रपिंडाचा प्रश्न आहे आणि चार अक्षरं लिहायला यांना जड जातं.

आणि नॉर्मल तरी कुणाचं? १२०/८० हे माप तेरा वर्षांपासून पुढे. त्याआधी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर ठरतं. मुलांच्या बीपीच्या पहिल्या चाळणीसाठी डॉक्टर वापरतात त्या तक्त्यात आठ वर्षांना १०७/६९ आहे. त्याच्या वर गेलं म्हणजे लगेच आजार नव्हे, पण उंचीप्रमाणे तपासून पुन्हा मोजायला हवं. ११६/७६ आलं तर मोठ्यांच्या हिशेबाने कुणी मानही वर करणार नाही, मुलाच्या बाबतीत करायला हवी.

मोजण्याआधी तीन ते पाच मिनिटं गप्प बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले (खुर्ची उंच असेल तर खाली पाट ठेवा), उजवा हात छातीच्या उंचीवर टेबलावर. उजव्या दंडावर शुगरचा सेन्सर असेल तर डावा हात घ्या आणि तसं लिहून ठेवा. लघवीला जाऊन आलेला असावा. आधी शुगर बघा, कारण शुगर उतरलेली असताना वरचा आकडा चढू शकतो. फोंडा घाट चढून, ओकाऱ्या काढून पोहोचलेल्या पोराचं बीपी गाडीतून उतरल्याउतरल्या घेऊ देऊ नका.

घरच्यासाठी मनगटाचं यंत्र घेऊ नका, दंडाचंच घ्या, त्याच कंपनीच्या लहान पट्ट्यासह. पट्टा मागवावा लागतो, दुकानदार "चालेल हो" म्हणून मोठा गळ्यात मारतो. एकदा यंत्र डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या आकड्याशी ताडून बघा.

वेगवेगळ्या तीन दिवशी जास्त आलं तर चोवीस तास लावून ठेवायच्या यंत्राबद्दल स्वतःहून विचारा. मधुमेहात दिवसाचा आकडा ठीक दिसतो आणि रात्री उतरायला हवा तेवढा उतरत नाही, असंही होतं. लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणी (मूत्रपिंडासाठीची) मुलाची कधी सुरू करायची तेही विचारा. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, ताप असताना किंवा खूप खेळून झाल्यावरचा नको.

जेवणात मीठ कमी करायचं म्हणून आमच्याकडे खारा बांगडा, लोणचं आणि पापड कमी झाले, ताजी मासळी तशीच चालू आहे. पोराचं सगळंच बंद करू नका, आधीच त्याला पदोपदी नाही ऐकावं लागतं.

पुढच्या भेटीला वहीत चार रकाने आखून न्या: तारीख, उंची, कोणता पट्टा आणि कोणता हात, आकडा. डॉक्टरांसमोरच भरा. आकडा सांगायला कुणी कुरकुर केली तरी तो घेतल्याशिवाय उठू नका.